पांढरा म्हणजे निरंक

ठाण्यात कोर्टाजवळ माझं दुकान होतं, तेव्हा लोक मला अमोनियावाला म्हणायचे. बांधकामाचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे आणि त्यांच्या निळ्या प्रती अमोनियाच्या मशीनमधून काढून द्यायच्या, हा माझा धंदा. वास असा, की गिऱ्हाईक दोन मिनिटांच्या वर आत टिकत नसे. तिथे निवांत घासाघीस करणारा माणूस फक्त एकच, तो मी. मला त्या वासाची सवय होती, त्यामुळे भाव नेहमी माझ्या बाजूने ठरायचा.

नावाचं मात्र तसं नव्हतं. ऐंशी सालानंतर ठाणे आणि डोंबिवलीत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरींचे नकाशे माझ्या हातचे. पण नकाशाच्या कोपऱ्यात 'आरेखक' असा जो रकाना असतो, त्यात आर्किटेक्टच्या भाच्याची नाहीतर मेहुण्याची सही. भाच्याला सरळ रेघ काढता येत नव्हती. मी एकदा विचारलं, तेव्हा आर्किटेक्ट म्हणाले, "अहो, तुम्ही ट्रेसिंग करता. आरेखन वेगळं." फरक काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी कोपरीच्या एका खोलीतून आलेलो, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेलो. फरक मला कळणार नाही असं त्यांनी धरून चाललं होतं.

मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले आणि आर्किटेक्ट लोक भाच्यांना कॉम्प्युटरसमोर बसवायला लागले. माझ्याकडची गर्दी पातळ झाली. एक टायवाला विक्रेता दुकानात आला आणि नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची किंमत सांगितली. त्या किमतीत कोपरीला खोली आली असती. मी म्हटलं, "शेवटचं बोला." तो हसला आणि म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये बार्गेनिंग होत नाही." मी त्याला बाहेर काढलं. घासाघीस होत नाही असं सांगणारा माणूस एकतर चोर असतो किंवा नोकर, आणि नोकराशी बोलण्यात अर्थ नसतो.

माझं सॉफ्टवेअर मला रद्दीवाल्याकडे मिळालं. एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली सीडी होती. तिच्यावर नकाशे रंगवायची एक आख्खी प्रणाली होती, परदेशातल्या विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून लिहिलेली, आणि फुकट. नुसती फुकट नाही, तर आतला सगळा मजकूर उघडा. वाचा, बदला, वाटा. मला आधी रागच आला. फुकट वस्तूशी घासाघीस करता येत नाही, मग तिची लायकी ठरवायची कशी? रद्दीवाल्याशी सीडीसाठी दहा मिनिटं भांडलो, तेव्हा कुठे समाधान झालं.

ते चालवायला चार महिने लागले. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळा पडदा. आपण शब्द टाइप करायचा, चुकला तर ते तुमच्याकडे बघत बसणार. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्याचं पुस्तक वाचलं. इंग्रजीत आपटलेल्या माणसाने हे केलं याची नोंद कुठल्याही रकान्यात नाही, म्हणून इथे करतो.

पण एकदा कळल्यावर गोष्ट सोपी होती. नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला एक रंग द्यायचा आणि एक शब्द. घरांना एक, पिवळा. दुकानांना दोन, निळा. मग कोपऱ्यात चौकट काढून रंगापुढे शब्द लिहायचा. त्या चौकटीला आम्ही सूची म्हणायचो, शिकलेले लोक लेजंड म्हणायचे. ज्या तुकड्याला आकडाच दिला नाही, त्याला ते सॉफ्टवेअर आपणहून शून्य मानायचं आणि पांढरा सोडायचं. शून्य म्हणजे माहिती भरलेली नाही, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं.

मी दुकानाबाहेर पाटी लावली: येथे रंगीत विषयवार नकाशे करून मिळतील. पहिले सहा महिने लोक 'विषयवार' वाचून शाळेचे तक्ते मागायला आले.

मग एक सल्लागार आले. परदेशात नगररचना शिकलेले, बोलताना डोळे मिटून घेणारे. डोंबिवलीजवळच्या कोपरपासून कल्याणकडे जाणाऱ्या खाडीकाठच्या पट्ट्याचा आराखडा करायचं काम त्यांना एका कार्यालयाकडून मिळालं होतं. त्यांच्याकडचा कॉम्प्युटरवाला मुलगा परदेशी उडून गेला होता, आणि पट्ट्यात आज कुठे काय आहे हे दाखवणारा नकाशा महिन्याभरात हवा होता. आम्ही तासभर भावावर बोललो, आधी दुकानाच्या पायरीवर, मग मी त्यांना आत घेतलं. वासाने त्यांचे डोळे खरोखरच मिटायला लागले, तेव्हा ते माझ्या आकड्यावर आले. शेवटी मी म्हटलं, "कोपऱ्यात आरेखक म्हणून माझं नाव पाहिजे."

"आधी काम तर बघू," ते म्हणाले.

पैशाच्या बाबतीत हे वाक्य मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. नावाच्या बाबतीत ऐकून घेतलं. तीच माझी चूक, दुसऱ्या चुका त्यातूनच आल्या.

कार्यालयाने जमिनीच्या वापराचे बारा वर्ग ठरवून दिले होते. घरं, दुकानं, कारखाने, शेती, खारफुटी, पडीक मिठागर, असे. तेराव्या प्रकारची जमीन या पट्ट्यात देवाने निर्माण केली नव्हती असं त्यांचं मत. रंगांवर बैठक झाली, तीत मीही होतो. स्मशानाला कोणता रंग यावर दीड तास गेला. एका अधिकाऱ्याला राखाडी अशुभ वाटत होता, तर स्मशान शुभ कधीपासून झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. म्हणजे हिंमत झाली, पण सल्लागारांनी माझा पाय दाबला.

मोजणीदाराने जागेवर फिरून आणलेली पत्रकं माझ्याकडे आली. एकेका तुकड्याचा नंबर, पुढे वर्ग. एका तुकड्यापुढे त्याने वर्ग लिहिला नव्हता. लिहिलं होतं, "सपाट मैदान, जवळा वाळत घातला आहे," आणि पुढे प्रश्नचिन्ह. जवळा म्हणजे खाडीतली बारीक कोळंबी, उन्हात वाळवून विकतात. बारा वर्गांत जवळा कुठे बसवायचा हे त्या बिचाऱ्याला कळलं नव्हतं.

मी सल्लागारांना फोन केला. "या तुकड्याला काय देऊ?"

"किती मोठा आहे?"

"दोन फुटबॉलची मैदानं बसतील."

"सोडून द्या हो. नंतर बघू."

मी सोडून दिला. शून्य. पांढरा.

सॉफ्टवेअरला मराठी येत नव्हती. म्हणून सूची मी इंग्रजीत छापून कार्यालयात पाठवली, तिथल्या कारकुनाने तिचं मराठी करून परत पाठवलं. मी ते डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं, ब्लेडने एकेक शब्द कापला आणि रंगाच्या चौकोनापुढे चिकटवला. शेवटचा चौकोन पांढरा होता. मी इंग्रजीत लिहिलं होतं, नो डेटा. कारकुनाने लिहिलं होतं, निरंक.

हा शब्द ज्याने सरकारी फॉर्म भरलाय त्याला सांगायला नको. तुमच्यावर फौजदारी खटले किती, निरंक. महिन्याभरात तक्रारी किती आल्या, निरंक. मी आयुष्यात शंभर वेळा लिहिलेला शब्द. तो माझ्या हाताने कापला, माझ्या हाताने चिकटवला, आणि जरा तिरका बसला म्हणून उचकटून पुन्हा सरळ चिकटवला. अर्थाकडे बघितलं नाही. मी रेघेचा माणूस, शब्द सरळ बसला की माझं काम झालं.

नकाशा सुंदर झाला. कोपऱ्यात नाव सल्लागारांच्या कंपनीचं. आरेखकाचा रकानाच काढून टाकला होता. मी विचारलं तर म्हणाले, "कॉम्प्युटरच्या नकाशाला आरेखक नसतो."

दोन महिन्यांनी कोपरीच्या बाजारात मी मासळी घ्यायला गेलो. खाडीकाठच्या गावातून एक कोळीण तिथे येऊन बसायची. माझ्यापेक्षा वयाने मोठी, मी तिला मावशी म्हणायचो. ठाण्यात मला घासाघिशीत हरवणारी ती एकटीच, कारण तिला कुठल्याच वासाचा त्रास होत नव्हता. त्या दिवशी तिने भाव सांगितलाच नाही.

"तू नकाशे करतोस ना रे?" ती म्हणाली. "आमचा खला कुठं गेला?"

खळा म्हणजे त्यांची मासळी वाळवायची जागा. मी म्हटलं, "कुठे जाईल? तिथेच असेल."

"हापिसात नकाशा लावलाय. आमची पोरं बघून आली. खल्यावर ट्रकतळ दाखवलाय. विचारलं तर साहेब म्हणतो, ती जागा निरंक हाय. निरंक म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाय कसं? मना सांग ना."

"तेच सांगतोय मावशी. निरंक म्हणजे काही नाही. तिथे काही नाही."

तिने हातातली मासळी पाटीत टाकली. मग म्हणाली, "आठ महिने तिथं माझी कंबर मोडते, आन तिथं काय नाय? कोणी लिवलं असं?"

मी हलवा मासा न घेता घरी आलो. कोणी लिहिलं ते मी सांगितलं नाही. हेही इथेच नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी मी सल्लागारांच्या ऑफिसात गेलो. त्यांना सांगितलं, तिथे खळा आहे, शून्य आपण दिलं, आणि ट्रकतळ आपल्या शून्यावर उभा राहतोय. हरकतींची सुनावणी आठवड्यावर आली होती. चूक कळवून टाका.

त्यांनी डोळे मिटले. "एकदा प्रसिद्ध झालेल्या नकाशात चूक नसते. हरकत असते. ती त्या लोकांनी घ्यावी."

"त्यांनी हरकत घेतली तर विचारणार, पुरावा काय. पुरावा आपल्याकडे आहे. मोजणीदाराचं पत्रक."

"ते अंतर्गत कागदपत्र आहे." मग डोळे उघडून म्हणाले, "हे बघा, भिवंडीच्या बाजूची अजून दोन कामं येतायत. ती तुम्हालाच द्यायची आहेत. नावाचंही बघू."

नावाचंही बघू. मला एवढ्या स्वस्तात कोणी मागितलं नव्हतं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट फुटला, तो मी फेकला नव्हता, हात आपटला तेव्हा खाली पडला. पत्रकाची मूळ प्रत मात्र माझ्याच दुकानात होती, हे त्यांना मी जिना उतरल्यावर आठवलं असावं. वरून हाका मारत होते.

सुनावणी ठाण्यातच होती, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मावशी आणि गावातल्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. टेबलामागे मोठे साहेब, शेजारी तो मराठी करणारा कारकून, बाजूला सल्लागार, डोळे मिटलेले. मावशीने सांगितलं की ती जागा आमची वापरातली आहे. साहेब म्हणाले, "नकाशावर तर काही दिसत नाही."

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, तो नकाशा मी केलाय. ती चूक माझी आहे."

मावशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

साहेबांनी चष्मा लावून नकाशाचा कोपरा पाहिला. "यावर तुमचं नाव नाही."

"नाही साहेब."

"मग तुमचा संबंध काय?"

पंधरा वर्षं मी आर्किटेक्ट लोकांशी ज्या रकान्यावरून भांडलो, तो रकाना असा उलटा येऊन मला लागला. सल्लागार शांतपणे म्हणाले, "साहेब, हे गृहस्थ आमच्याकडे प्रती काढतात. अमोनियावाले."

माझं डोकं फिरलं, पण त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "साहेब, मला तासभर द्या. नकाशा ज्याच्यात केला तो कॉम्प्युटर आणतो. यांना म्हणावं, त्यांनीही त्यांचा आणावा."

सल्लागार फाइलीत डोकं घालून बसले. साहेबांना बहुधा गंमत वाटली. म्हणाले, "जेवणानंतर दाखवा."

त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे दोन माणसांचं ओझं. एका बाईने मॉनिटर मासळीच्या पाटीत ठेवला, डोक्यावर घेतला आणि कोर्टासमोरून चालू लागली. दुसरीने कॉम्प्युटरचा डबा कमरेवर घेतला. मी मागून वायरी घेऊन. वकील लोक बाजूला सरकत होते. कार्यालयाच्या दारात शिपाई म्हणाला, "मासळी आत नेता येणार नाही." पाटी उतरवून दाखवली तेव्हा म्हणाला, "टीव्हीपण नाही."

काळा पडदा सुरू झाल्यावर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "या सॉफ्टवेअरचं लायसन्स कुठाय?"

"फुकट आहे साहेब. कोणीही वापरू शकतं, आत काय आहे ते कोणीही वाचू शकतं."

"फुकट आहे तर ग्राह्य कसं धरायचं?"

"साहेब, पैसे देऊन चूक झाली असती तर ती ग्राह्य धरली असती का?"

सल्लागार हसले आणि लगेच थांबले, कारण साहेब हसले नव्हते. मी कमांड टाकली. नकाशा वरून खाली हळूहळू उतरला, पिवळा, हिरवा, मध्ये पांढरा डाग. मी पडद्यावरची खूण त्या डागावर नेऊन विचारलं, इथे काय आहे? पडद्यावर उत्तर आलं, शून्य.

"म्हणजे काही नाही," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. म्हणजे मी भरलं नाही." मी पत्रक पुढे ठेवलं. जवळा वाळत घातला आहे, प्रश्नचिन्ह. "इंग्रजीत मी माहिती नाही असं लिहिलं होतं."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "तुम्ही निरंक का लिहिलंत?"

कारकून उभा राहिला. प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "साहेब, आपल्याकडे माहिती नसली की निरंकच लिहितात."

"माहिती नसली की, की काही नसलं की?"

"दोन्हीला, साहेब."

मला वाटतं साहेब तेव्हा स्वतः आजवर निरंक म्हणून सही केलेले कागद आठवत असावेत.

यापुढे खरी घासाघीस झाली, आणि ती मला येत होती. साहेब म्हणाले, वर्ग बाराच आहेत, तेरावा करायचा तर वरून मंजुरी लागेल. 'मोकळी जागा' लिहू. मावशी म्हणाली, "मोकली नाय साहेब, हंगामात पाय ठेवायला जागा नाय तिथं." साहेब म्हणाले, मग 'इतर'. मी म्हटलं, इतरवर उद्या कोणीही काहीही बांधेल. कारकुनाने सुचवलं, उद्योगात टाकू, जांभळा. मी म्हटलं, मग प्रदूषणवाले येतील. अर्ध्या तासाने आम्ही शेतीवर आलो. वर्ग शेती, पोटवर्ग मासळी वाळवणे. जवळा शेतात पिकतो असं सरकारी कागदावर आणण्याचा मान माझा. मी तिथल्या तिथे शून्याचा आकडा बदलला, नकाशा पुन्हा काढला, आणि डाग हिरवा झाला. बायका पडद्याजवळ सरकल्या. मावशीने बोट ठेवून विचारलं, "हा आमचा?" मी हो म्हटलं. "लहान दाखवलास," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "त्या दिवशी बाजारात का नाय बोललास?"

मी म्हटलं, "हिशोब करत होतो."

"कसला?"

मी वायरी गुंडाळायला लागलो.

महिन्याभराने शुद्धिपत्रक निघालं. 'आरेखकाच्या नजरचुकीमुळे' सदर जागा निरंक दर्शविण्यात आली होती, ती शेती, पोटवर्ग मासळी वाळवणे, अशी वाचावी. कॉम्प्युटरच्या नकाशाला आरेखक नसतो, पण त्याच्या चुकीला असतो. मी कारकुनाकडे गेलो आणि म्हटलं, चूक माझी असेल तर पुढे नाव घाला. तो म्हणाला, "शुद्धिपत्रकात नाव घालायची पद्धत नाही." मग हळूच म्हणाला, "घालायचंच म्हटलं तर माझंही घालावं लागेल."

आराखडा मंजूर झाला तेव्हा मी भिंतीवरचा नकाशा बघायला गेलो. खळा हिरवा होता. ट्रकतळ रद्द झाला नव्हता, शेजारच्या तुकड्यावर सरकला होता. तो तुकडा म्हणजे पडीक मिठागर, वर्ग अकरा. मोजणीदाराच्या पत्रकात त्याच्यापुढे अकरा असं ठळक लिहिलेलं, प्रश्नचिन्ह नाही. सुनावणीला तिथून कोणी आलं नव्हतं.

मावशीला विचारलं, त्या मिठागरावर कोण असतं? तिने पाटीतली मासळी उलटीपालटी करत सांगितलं, "मना काय माहीत. तो आमचा गाव नाय."

मोजणीदाराने अकरा लिहिला म्हणून मी अकरा टाकला होता. तिथे जाऊन बघितलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ट्रक लागायला लागले तेव्हा कळलं की एका कडेला काही झोपड्या होत्या. किती, ते मला माहीत नाही. कार्यालयात विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते माहीत आहे.